भुते आणि त्यांचे तपासनीस

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते त्यांच्या मृत्यूमुळे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास ते आले असता अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे शालेय इतिहासातून बहुतेकांनी वाचलेले असते. परंतु हेच गृहस्थ संस्कृताचे व्यासंगी होते, आणि तुमच्या गावी कोणकोणती भुते आहेत, ती कोठे वसतात, कोणास धरतात व कशाने सोडतात, अशा प्रश्नांवर मुंबई इलाख्यातील गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्यांनी लेखी माहिती मागविली होती, ही गोष्ट सहसा कोणाच्या स्मरणात नसते. त्यांच्या पश्चात हे कागद आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्याच्या हाती गेले, आणि १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींवरील टिपणांचा जो इंग्रजी खंड प्रसिद्ध झाला, तो या मुलखातील भुतांविषयीच्या पुढील बहुतेक लेखनाचा, कबूल केलेला वा न केलेला, आधार ठरला. खंडाच्या तळटिपांत माहिती देणाऱ्याचे नाव बहुधा नसते, फक्त हुद्दा आणि गाव असते. त्या अनामिक मास्तरांपैकी कितीजणांचा स्वतःचा भुतांवर विश्वास होता आणि कितीजणांनी सरकारी लखोटा आला म्हणून गावातील म्हाताऱ्यांना विचारून कागद भरून दिला, हे त्या उत्तरांच्या सुरावरून उमगत नाही. ती सारीच उत्तरे कीर्द लिहावी तशा निर्विकारपणे लिहिलेली आहेत.

त्या नोंदींतील भूतसृष्टी पाहू जाता प्रथम नजरेत भरते ती तिची वर्णव्यवस्था. मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी वारलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. धनावर वा घरादारावर वासना ठेवून निपुत्रिक मेलेला समंध होतो. मुसलमान अथवा सिद्दी मेला तर खवीस. गावाच्या सीमेवर चारी कोपऱ्यांत राहणारा तो देवचार. पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा. स्त्रियांच्या बाबतीत तर जिवंतपणीची विभागणी मृत्यूनंतरही जशीच्या तशी चालू राहते: सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ किंवा अलवंत. गावागणिक या व्याख्यांत फरक पडतो, एका तालुक्यातील हडळ दुसऱ्या तालुक्यात जखीण ठरते. परंतु जातीने, लिंगाने आणि अपुऱ्या राहिलेल्या संस्काराने मनुष्याचे जे स्थान ठरले, तेच त्याच्या भुताचेही ठरावे, हा नियम मात्र सर्वत्र सारखा आहे. मरणाने मनुष्य मोकळा होतो असे आपण म्हणतो. गावच्या समजुतीने तो आपल्या खात्यावरच कायम राहतो.

या भुतांच्या कथा एकेकट्या वाचल्या तर करमणूक होते, एकत्र वाचल्या तर त्या गावाचे दुसरे दप्तर वाटू लागतात. गिऱ्ह्याची जागा नेहमी त्याच डोहाजवळ वा खाडीच्या त्याच वळणावर असते, जेथे ओहोटीच्या वेळी पाय घसरून माणसे खरोखरच बुडालेली असतात. चकवा लागून मनुष्य रात्रभर फिरत राहतो, तो ज्या सड्यावर ना झाड ना घर अशा एकसारख्या कातळावर. देवचार घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन रात्री सीमेवरून फिरतो, आणि त्याच्या घुंगुरकाठीचा आवाज ऐकणारे लोक त्या वेळी आपल्या गावाची हद्द कोठे संपते हे न सांगता सांगत असतात. अलवंत आणि हडळ यांच्या कथा ज्या काळात दाट होत्या, त्या काळात बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांची संख्याही दाट होती. अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाताखाली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी गेलेल्या मुलीबद्दल घराला जे कधी बोलता आले नाही, ते उलट्या पावलांच्या आणि मोकळ्या केसांच्या त्या आकृतीत बोलले गेले असावे, असे आमचे मत आहे. हे मत सिद्ध करण्याजोगे नाही याची जाणीव आम्हांस आहे. तरीही पुरुषांच्या भुतांना पोट, भूक, वतन आणि वासना आहेत, आणि स्त्रियांच्या भुतांना प्रामुख्याने फक्त सूड आहे, या भेदाचा दुसरा उलगडा आम्हांस सुचत नाही.

बायंगीची गोष्ट तर अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहावी अशी आहे. दक्षिण कोकणात असे मानतात की हे भूत विकत मिळते. ते घरी आणून नेमाने पोसले असता मालकाची भरभराट होते, शेजाऱ्याच्या शेतातील पीक त्याच्या कणगीत येते, आणि पोसण्यात कसूर झाली की तेच भूत मालकाच्या वंशावर उलटते. जेथे जमीन थोडी, कुळे फार आणि उत्पन्न वर्षानुवर्षे तेवढेच, तेथे एखाद्याचे घर अकस्मात वर आले तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून आले असले पाहिजे, ही समजूत अगदीच निराधार म्हणता येत नाही. निराधार आहे तो फक्त पुढचा भाग. त्या पुढच्या भागापायी कोकणात भावकीच्या भावकी एकमेकांचे पाणी टाळीत आल्या आहेत.

भूत आणि देव यांच्यामधील सीमा या प्रदेशात फार पुसट आहे. वेताळ हा पुराणांतरी भुतांचा राजा आणि संस्कृत कथांमध्ये प्रेतात शिरून राजाला कोडी घालणारा. परंतु वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीस तोच वेतोबा होऊन ग्रामदैवताच्या मानाने उभा आहे. रात्री तो गावाच्या रक्षणासाठी फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या प्रचंड वहाणा वाहतात, आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. (हेच आरवली जयवंत दळवींचे गाव, त्यांच्या लेखनात भुतांपेक्षा माणसेच अधिक विलक्षण आहेत, हा योगायोग नसावा.) गोव्यात लोलये, आमोणे इत्यादी गावी बेताळाचे पूजन चालते, लोलयेचा उघड्या आकाशाखाली उभा असलेला पाषाण पाहिला म्हणजे, पोर्तुगीज अमदानीत देवळे पाडली गेली तरी अशी दैवते लोकांनी का सोडली नाहीत, याची कल्पना येते. ज्याचे भय वाटते त्यालाच राखणदार नेमून टाकण्याची ही युक्ती राज्यकारभारातही अपरिचित नाही.

आता तपासनिसांकडे वळू. भुतांचा तपास ही आधुनिक कल्पना आहे असा जो समज आहे, तो खरा नाही. घाडी, भगत, देवऋषी, पंचाक्षरी हे सारे आपापल्या परीने तपासनीसच होते. घरात आजार हटेना, गाय आटली, सुनेच्या अंगात येऊ लागले, की देवळात कौल लावावयाचा. मूर्तीवर चिकटविलेल्या कळ्या वा तांदूळ उजवीकडून पडले की डावीकडून, यावरून बाधा घरची की बाहेरची, नवस राहिला की सीमेचा मान चुकला, हे ठरवावयाचे. आणि मग गाऱ्हाणे घालून, नारळ-कोंबडा देऊन प्रकरण निकालात काढावयाचे. यात प्रश्न विचारण्याचा एक क्रम होता, घरातील माणसांची ओळख होती, आणि चाणाक्ष घाडी कौलापूर्वीच भांडणाचे मूळ जाणून असे. या पद्धतीचा दोष असा, की तिला अखेरीस कोणीतरी दोषी लागे, आणि तो दोषी मृत असला तर कोंबड्यावर भागे, जिवंत असला तर त्याचे हाल होत. न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरीस पेशव्यांच्या रोजनिश्यांवर जो निबंध लिहिला, त्यात भुते घालणाऱ्यांचा बंदोबस्त करणे हे त्या काळी सरकारी अंमलदारांचे एक कर्तव्यच मानले जात असे, याची नोंद आहे. म्हणजे आज ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो, तिला त्या काळी फिर्याद, तपास आणि शिक्षा असे रीतसर रूप होते. सरकार आणि रयत यांच्यात याविषयी मतभेद नव्हता.

पाश्चात्त्य तपासाची लाट मुंबईस आली ती थिऑसॉफीच्या निमित्ताने. त्या पंथाचे प्रवर्तक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ साली मुंबईत उतरले. १८८२ साली लंडनमध्ये अतींद्रिय घटनांच्या शास्त्रीय शोधासाठी मंडळ स्थापन झाले. आणि त्या मंडळाने पाठविलेल्या रिचर्ड हॉजसन यांनी मद्रासजवळच्या अड्यार येथील थिऑसॉफीच्या मुख्य ठाण्यात येऊन, अधांतरी पडणारी पत्रे कोणत्या फटीतून पडतात याची बारकाईने पाहणी करून, १८८५ साली जो अहवाल दिला, तो ब्लाव्हाट्स्कीबाईंना फसवणुकीचा दोष देणारा होता. हिंदुस्थानच्या भूमीवर झालेला या प्रकारचा हा पहिला मोठा पंचनामा. मराठी सुशिक्षितांवर त्याचा परिणाम व्हावा तितका झाला नाही. पुढे कित्येक वर्षे पुण्या-मुंबईच्या घरांतून प्लँचेट फिरत राहिले, आणि घाडीस हसणारे वकील व प्राध्यापक आपल्या दिवंगत आप्तांशी तिपाईवरून मसलत करीत राहिले. तिपाई का फिरते याचा उलगडा मायकेल फॅरडे यांनी १८५३ सालीच केला होता: हात ठेवणाऱ्यांच्या नकळत त्यांचेच स्नायू तिला ढकलतात.

आमच्याकडील तपासाला खरे वळण लावले ते अब्राहम कोवूर यांनी. केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले हे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक निवृत्तीनंतर झपाटलेल्या घरांची प्रकरणे हाताळू लागले, आणि १९६३ साली त्यांनी फसवणूक अशक्य अशा परिस्थितीत चमत्कार करून दाखविणाऱ्यास एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, जे कोणी जिंकले नाही. बक्षिसामुळे त्यांचा गाजावाजा झाला. आमच्या मते त्यांचे मोठेपण बक्षिसात नाही. दगड पडणाऱ्या घरात गेल्यावर छताकडे न पाहता ते घरातील माणसांशी एकेकट्याने बोलत बसत, यात आहे.

हीच रीत पुढे महाराष्ट्रात भानामतीच्या तपासात पक्की झाली. मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगण-कर्नाटकाची सीमा या पट्ट्यात भानामतीचे प्रकार कोकणच्या भुतांहून वेगळे आहेत: घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे आपोआप पेटतात, शिजलेल्या अन्नात घाण निघते, अंगावर फुल्या उमटतात, आणि कधी गावातील स्त्रिया भुंकू लागतात. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ पासून आणि नरेंद्र दाभोलकर यांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून अशा प्रकरणांत उतरत आल्या. त्यांच्या कार्यकर्त्यांची पद्धत अशी, की घटना घडल्या तेव्हा कोण कोठे होते याची जबानी प्रत्येकाकडून स्वतंत्र घ्यावी. सर्व घटनांच्या वेळी हजर असलेली व्यक्ती कोण ते पाहावे. तिच्या दुःखाचे मूळ काय, नको असलेले लग्न, बंद झालेली शाळा, सासूचा जाच, याचा अंदाज घ्यावा. आणि मग तिच्याशी एकांतात बोलून प्रकार थांबवावा. फुल्या बिब्ब्याच्या तेलाने उठतात आणि कपडे फॉस्फरसाने पेटू शकतात, हे रसायनशास्त्र त्यात दुय्यम आहे. त्या व्यक्तीचे नाव गावात फोडावयाचे नाही, ही शिस्त अधिक महत्त्वाची. उत्सुकतेने जमलेल्या गावकऱ्यांना ती शिस्त फार खुपते. त्यांना रहस्याचा निकाल हवा असतो, आणि कार्यकर्ते ‘उद्यापासून होणार नाही’ एवढेच सांगून निघून जातात. शतकानुशतके कोणाला ना कोणाला दोषी ठरवून शांत होत आलेल्या गावाला, दोषी न देता शांत करण्याचा हा प्रयोग आहे, आणि म्हणून या सबंध विषयात आम्हांस तो सर्वांत मोलाचा वाटतो. यातील बहुतेक ‘भानामत्या’ चौदा ते पंचवीस वयाच्या मुली व सुना असतात, असे कार्यकर्ते सांगतात. जिला घरात कोणी विचारीत नाही, तिच्याभोवती दगड पडू लागले की तालुक्याहून माणसे येतात.

दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी त्यांनी दीर्घकाळ खटपट केली, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. नरबळी व जादूटोणाविरोधी या कायद्याच्या अनुसूचीतील पहिलीच बाब भूत उतरविण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे यांविषयीची आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत दंड. भूत असते की नसते याविषयी कायदा काहीच म्हणत नाही. ज्यांनी विधेयकास धर्मावरील आघात म्हणून विरोध केला, त्यांनी ही अनुसूची शांतपणे वाचली असती तर त्यांचा रोष पुष्कळसा निवला असता. आणि ज्यांना कायद्याने भुते नाहीशी होतील अशी आशा वाटते, त्यांचीही तीच गत झाली असती.

तपासनिसांचा आणखी एक वर्ग आहे, ज्याची गणना सहसा या यादीत होत नाही: मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोवैद्य. व्हीडा स्कल्टन्स या विदुषींनी फलटणच्या महानुभाव मंदिरात उपचारार्थ येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ साली जो निबंध लिहिला, त्यात घरातील आजारी पुरुषासाठी त्याची आई वा पत्नी स्वतःवर बाधा ओढवून घेते, घुमते, आणि रोग्याचे दुखणे आपल्याकडे यावे अशी इच्छा धरते, असे दाखविले आहे. गाणगापुरास आरतीच्या वेळी खांबांवर चढून दत्तमहाराजांना शिव्या देणारी झाडे, म्हणजे बाधा झालेली माणसे, पाहून आपण अचंबा करतो. त्या झाडांपैकी कोण कोणासाठी तेथे आले आहे, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. मानसिक आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अंगात येण्याच्या अवस्थेला १९९२ पासून स्वतंत्र स्थान आहे. पण त्यात अट अशी, की ही अवस्था अनिच्छेने आलेली, जाचक आणि त्या समाजाच्या धार्मिक रिवाजाबाहेरची असली पाहिजे. देवीच्या उत्सवात घुमणारी बाई त्यामुळे रोगी ठरत नाही. येथे शास्त्र नेहमीपेक्षा विनयाने वागले आहे.

घराचा दोष कधीकधी खरोखर घराचाच असतो. विल्मर या अमेरिकन नेत्रवैद्याने १९२१ साली एका पछाडलेल्या कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. पावलांचे आवाज, आकृत्या, अंगावरील दडपण हे सारे बिघडलेल्या भट्टीतून झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचे परिणाम निघाले. कॉव्हेंट्रीच्या विक टँडी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आपल्या प्रयोगशाळेतील करड्या आकृतीचा माग पंख्याच्या सुमारे १९ हर्ट्झच्या, कानास न कळणाऱ्या कंपनापर्यंत नेऊन पोचविला. मध्यरात्री जाग येऊन छातीवर कोणीतरी बसल्याचा जो अनुभव खेडोपाडी सांगतात, त्याला निद्राशास्त्रात झोपेतील अर्धांगाचे साधे स्पष्टीकरण आहे.

या शोधांची फॅशन आमच्याकडे उपकरणांच्या रूपाने आली. गौरव तिवारी यांनी २००९ साली दिल्लीत इंडियन पॅरानॉर्मल सोसायटी काढली, आणि २०१६ साली त्यांचा अकाली मृत्यू होईतो विद्युच्चुंबकीय क्षेत्राचे मापक, अवरक्त कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक घेऊन अनेक वास्तूंत रात्री काढल्या. लोकांचे भय कमी व्हावे असा त्यांचा हेतू ते सांगत. तो प्रामाणिक नसावा असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्या मागून आलेल्या हौशी मंडळींविषयी मात्र तितकेसे बोलवत नाही. जुन्या वाड्यातील उघड्या वीजतारांजवळ मापकाचा दिवा लागणारच, आणि तो लागला म्हणून कुजबुजत्या आवाजात ‘कोणी आहे का’ विचारणे हा तपास नव्हे. ही मंडळी रिकाम्या वास्तू शोधतात. ज्या घरात माणसे राहतात आणि त्रास सोसतात, तेथे रात्रभर कॅमेरा लावण्यासारखे काही नसते.

शनिवारवाड्याचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला, आणि पौर्णिमेच्या रात्री त्यांची काका राघोबादादा यांस उद्देशून मारलेली हाक अजून ऐकू येते, असे पुण्यात सांगतात. ज्या दालनांतून ते धावले, ती दालने १८२८ च्या आगीत भस्मसात झाली; उरले आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. तेथे मापक लावणारे कशाचे मापन करतात हे त्यांनाच ठाऊक. उलट, न्यायाधीश रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले ही परंपरागत हकीकत आणि ते कधी अमलात आले नाही ही वस्तुस्थिती शेजारी ठेवली, म्हणजे ती हाक अडीचशे वर्षे का टिकली याचा बोध होतो. दप्तरात निकाल लागलेला, पण बजावणी न झालेला हा खटला आहे.

कथाकारांनी या सामग्रीचे काय केले, हा स्वतंत्र लेखाचा विषय. नारायण धारप यांनी भय खेड्यातून उचलून शहरी वाड्यात आणि बंगल्यात नेले, रत्नाकर मतकरी यांनी ते माणसाच्या मनात नेऊन ठेवले. आणि २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने ते पुन्हा कोकणात आणून सोडले. मालिकेतील भुतापेक्षा मालिकेतील मालमत्तेची वाटणी अधिक खरी होती, आणि प्रेक्षकांनी तिच्यावर जे प्रेम केले त्याचे श्रेय आम्ही वाटणीला देतो.

कामाचे जे उरले आहे ते सांगावयाचे तर असे. जॅक्सनच्या मास्तरांनी भुतांची जात आणि झाड नोंदविले. ज्या घराला बाधा झाली, त्या घराविषयी विचारण्याचे त्यांच्यावर कोणी सोपविले नव्हते. समितीच्या कार्यकर्त्यांनी घरे पाहिली, पण गावच्या कथेत त्यांना रस असण्याचे कारण नव्हते. कथा मोडणे हेच त्यांचे काम. यापुढे जो कोणी कोकणात वही घेऊन जाईल, त्याने सांगणाराचे वय आणि गाव, कथा कोणत्या ऋतूत व कोणासमोर सांगितली गेली, त्या डोहात वा त्या वाटेवर पूर्वी कोण गेले, आणि ज्या घराने भूत पाहिले त्या घरात त्या वर्षी आजारी कोण होते, कर्ज किती होते, नवी सून आली होती काय, एवढ्या बाबी एकाच पानावर लिहाव्यात. मास्तरांचा निर्विकारपणा आणि कार्यकर्त्यांचा संकोच, दोन्ही त्याला उपयोगी पडतील. सुनेचे नाव वहीत येऊ देऊ नये.